खुराडे कोंबड्यांचे, सोय माणसाची

कोंबड्यांचे खुराडे बांधताना बहुतेक जण दोनच गोष्टी मोजतात : कोंबड्या किती आणि पत्रे किती. त्यात रोज हात कोण घालणार, हे कोणी मोजत नाही. म्हणून गावोगावी कमरेइतक्या उंचीची आणि एकच लहान दार असलेली खुराडी दिसतात. कोंबडी त्यात सहज शिरते. अंडे काढायला मात्र माणसाला गुडघे टेकावे लागतात.

चिपळूण तालुक्यात माझ्या आजोळी दहाएक कोंबड्या असतात. त्यांचे सगळे काम आजी करते. सकाळी सोडणे, पाणी भरणे, दाणा टाकणे, अंडी गोळा करणे आणि तिन्हीसांजेला कोंडणे, अशा दिवसाला पाच फेऱ्या. वर्षाच्या १,८२५ होतात. कंबर दुखू लागल्यापासून ती ‘आता कोंबड्या बंद करते’ असे म्हणू लागली होती. अंड्यांचे पैसे तिच्या स्वतःच्या डब्यात जातात. ते तिने कोणाकडे मागायला लागू नयेत, म्हणून मामाने आणि मी उन्हाळ्याच्या सुट्टीत नव्या खुराड्याचा आराखडा काढला. त्यातून हाती लागलेले नियम येथे देत आहे.

जागा

खुराडे स्वयंपाकघराच्या दारातून दिसावे, पण वास खिडकीत येईल इतके जवळ नसावे. पाण्याचा नळ आणि शेणखताचा खड्डा यांच्या वाटेवर ते असले की फेऱ्या वाचतात. विहिरीजवळ बांधू नये. जमीन थोडी उंचवट्याची असावी. लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन आत कमी शिरते. कोकणातल्या पावसासाठी छपराच्या वळचणी तीन फूट पुढे काढाव्यात.

मापे

दहा कोंबड्यांसाठी आम्ही ८ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडे धरले, म्हणजे प्रत्येकीला सुमारे ३ चौरस फूट. त्याला लागून १२ फूट बाय ८ फूट जाळीचे कुंपण, म्हणजे प्रत्येकीला सुमारे साडेनऊ चौरस फूट मोकळी जागा.

मुख्य नियम असा : खुराडे एक तर माणूस आत उभा राहील इतके उंच असावे, नाहीतर बाहेरून हात पोचेल इतके अरुंद. मधले माप नको. माणसाचा हात साधारण दोन फूट आत जातो. म्हणून एकाच बाजूने दार असेल तर रुंदी दोन फूट आणि दोन्ही बाजूंनी असेल तर चार फूट. आम्ही दुसरा प्रकार निवडला आणि तळ जमिनीपासून अडीच फूट उचलला. एक लांब बाजू कुंपणात आणि दुसरी बाहेर.

तळ उचलला की खाली सावलीची जागा मिळते, पण तिथे कोंबड्या अंडी घालू लागतात आणि ती काढायला रांगावे लागते. म्हणून कुंपणाकडून फक्त दोन फुटांपर्यंत जागा मोकळी ठेवून मध्ये जाळी ठोकावी. बाहेरच्या अर्ध्या भागात घमेले, फावडे आणि झाडू राहतात.

बांधण्यापूर्वी जमिनीवर चुन्याने रेघा माराव्यात, बांबूवर उंचीच्या खुणा कराव्यात आणि जो माणूस रोज काम करणार आहे त्यालाच रिकामे घमेले घेऊन सगळी कामे करून दाखवायला सांगावे. मामाच्या छातीशी येणारे अंड्यांच्या खोक्याचे झाकण आजीच्या गळ्याशी येत होते. आम्ही ते चार इंच खाली घेतले. आता ती उभ्याने अंडी काढते आणि कोंबड्या बंद करण्याची भाषा थांबली आहे.

चार दारे

पहिले, अंड्यांचे. चार-पाच कोंबड्यांमागे एक खोका पुरतो. लांबी, रुंदी आणि उंची एकेक फूट. तो खुराड्याच्या बाहेर काढावा व त्याला वरून उघडणारे उतरते झाकण करावे. बिजागरीवर जुन्या ट्यूबची पट्टी ठोकली की पाणी आत जात नाही. कोंबड्या झोपायला सगळ्यांत उंच जागा शोधतात, म्हणून खोका बसायच्या दांडीपेक्षा खाली हवा. नाहीतर त्या रात्री खोक्यात बसतात आणि अंडी विष्ठेने माखतात.

दुसरे, कोंबड्यांचे. १२ इंच बाय १४ इंचांची वर सरकणारी फळी पुरते. तिची दोरी छोट्या कप्पीवरून कुंपणाबाहेर आणली की सकाळी सोडायला व संध्याकाळी कोंडायला आत जावे लागत नाही.

तिसरे, सफाईचे. हे जितके मोठे तितके चांगले. उंबऱ्याशी चार इंचांची काढता येणारी फळी ठेवली की भाताचे तूस सांडत नाही. साफ करताना फळी काढायची, खाली घमेले धरायचे आणि ओढायचे.

चौथे, माणसाचे. कुंपणाला ६ फूट उंच व ३ फूट रुंद दार असावे, म्हणजे दोन्ही हातांत घमेले असताना जाता येते. ते आत उघडणारे असावे. बाहेर उघडले तर दाण्यासाठी दाराशी जमलेल्या कोंबड्या पायांतून निसटतात.

शत्रू

आमचे घर वाराणसीला मंगला गौरी भागात आहे. तिथल्या गल्ल्यांत परसच नसते, त्यामुळे कोंबड्यांचा प्रश्न येत नाही. पण माकडांमुळे लोक गच्च्यांना लोखंडी जाळ्या लावतात आणि जाळी पक्की असली तरी कडी ढिली असेल तर उपयोग नाही, हे तिथे लहान मुलालाही कळते. खुराड्याची कडी एका हाताने उघडणारी, पण ढकलून वा हिसकून न उघडणारी हवी. स्प्रिंगचा हुक चांगला.

बाजारात मिळणारी षटकोनी कोंबडीजाळी कोंबड्या आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांना अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी लावावी आणि तिचा एक फूट बाहेरच्या बाजूस जमिनीत आडवा पुरावा. उकरणारे मुंगूस तिथेच अडते. घारीसाठी वरूनही जाळी हवी.

सोयीचा आणि रोगाचा संबंध

जिथे हात पोचत नाही तिथे सफाई होत नाही. ओल्या तुसातून अमोनियाचा वास येऊ लागला की कोंबड्यांचे डोळे व श्वसनमार्ग बिघडतात. तूस आठवड्यातून एकदा खालीवर करणे सोपे असेल तरच ते होते. राणीखेत म्हणजे मानमोडी या रोगावर लस आहे, पण लस द्यायला प्रत्येक कोंबडी हातात यायला हवी. रात्री दांडीवर बसलेल्या कोंबड्या शांतपणे उचलता येतात, म्हणून दांडी दारासमोर असावी. दारातून टॉर्च मारली की एका नजरेत संख्या मोजता येते. आपल्या रात्रीच्या हजेरीसारखेच ते आहे : कोण कमी आहे हे त्याच दिवशी कळले पाहिजे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशात पहिल्यांदा बर्ड फ्लू आढळला आणि तिथल्या कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. परसातल्या पाळणाऱ्यांनीही त्यातून धडा घ्यावा. कुंपणाच्या दाराशी वेगळ्या चपला ठेवाव्यात, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि एकदम दोन-तीन कोंबड्या मेल्या तर त्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे.

ज्यांच्याकडे जुने, बुटके खुराडे आहे त्यांनी ते मोडायची गरज नाही. मागच्या भिंतीला मोठे दार पाडावे, अंड्यांचा खोका बाहेर काढावा आणि कोंबड्यांच्या दाराला दोरी बांधावी. एवढे तीन बदल सुताराकडून एका दिवसात होतात.