विश्लेषण : बेसबॉलचा ‘अधिकृत’ चेंडू कुणाचा? खेळाडूंनीच बाजारपेठ कशी काबीज केली?

बेसबॉल अमेरिकेत लोकप्रिय होऊ लागला तेव्हा त्याचे साहित्य सहजासहजी दुकानात मिळत नसे. पुढे हा धंदा मोठा केला तो मुख्यतः खेळाडूंनीच.

सुरुवातीला चेंडू कसे बनत?

रबराच्या गोळ्यावर सूत गुंडाळायचे आणि वरून चामडे शिवायचे, अशी घरगुती पद्धत होती. त्यामुळे प्रत्येक चेंडूचे वजन आणि उसळी वेगळी. १८५८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील नॅटिक येथे हारवूड यांनी चेंडूंचा कारखाना काढला. शिवणकाम मात्र परिसरातील महिला घरी करत. १८७२ मध्ये नियमाने वजन ५ ते सव्वापाच औंस (सुमारे १४२ ते १४९ ग्रॅम) ठरले.

स्पाल्डिंग यांनी काय केले?

नामवंत पिचर अल्बर्ट स्पाल्डिंग यांनी १८७६ मध्ये भावासह शिकागोत दुकान उघडले. भांडवल अवघे ८०० डॉलर. त्याच वर्षी नॅशनल लीग सुरू झाली. लवकरच लीगचा चेंडू पुरवण्याचे काम त्यांच्या कंपनीला मिळाले. नियम आणि आकडेवारीची वार्षिक पुस्तिकाही तीच छापे आणि त्यात स्वतःच्या मालाची जाहिरात करी. हातमोजा घालणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. १८७७ मध्ये स्पाल्डिंग स्वतः तो घालून मैदानात उतरले. मोजे त्यांच्या दुकानात होतेच!

मग स्पर्धा नव्हती का?

होती, पण बरीचशी नावापुरती. फिलाडेल्फियाचे माजी खेळाडू अल रीच यांची कंपनी स्पाल्डिंग यांनी १८८९ मध्ये घेतली, ‘रीच’ हे नाव मात्र कायम ठेवले. पुढे अमेरिकन लीगने ‘रीच’चा चेंडू स्वीकारला. ग्राहकाला दोन कंपन्या दिसत होत्या, नफा एकाच घरात जात होता.

बॅटचे काय?

लुइव्हिल येथील हिलरिच यांच्या लाकूडकामाच्या कारखान्यातून ‘लुइव्हिल स्लगर’ बॅट आली. १९०५ मध्ये होनस वॅग्नर यांनी आपली सही बॅटवर वापरण्याचा करार केला. खेळाडूच्या नावावर माल खपवण्याच्या पद्धतीचे हे सुरुवातीचे उदाहरण.

आज काय बदलले?

नॅशनल लीगसाठी स्पाल्डिंगचा चेंडू १९७६ पर्यंत टिकला. नंतर रॉलिंग्ज कंपनी आली. तिचे चेंडू आता कोस्टा रिकात बनतात. त्यावरचे १०८ दुहेरी टाके मात्र अजूनही कामगार हातानेच घालतात. धंद्याचे मालक बदलले, सुई हातातच राहिली.