प्रदूषणाचा आकडा खरा कसा ठरतो?

कारखान्याच्या धुराड्यातून निघणारा धूर साऱ्या गावाला दिसतो. त्या धुरातील कणांचे प्रमाण मात्र डोळ्यांना दिसत नाही. ते कायद्याने घालून दिलेल्या मर्यादेच्या आत आहे की बाहेर, हे आकड्यावरूनच कळते. कारखान्याला द्यावयाचे संमतिपत्र, त्याच्यावर बजावलेली नोटीस, उत्पादन बंद करण्याचा आदेश, विधिमंडळातील प्रश्नाला दिलेले उत्तर, या साऱ्या कार्यवाहीचा पाया हा आकडाच होय. तो कच्चा असेल तर "इतके टक्के कारखाने नियमांचे पालन करतात" या विधानाला काहीच अर्थ उरत नाही. शिवाय धुराड्याच्या छायेत राहणाऱ्या रहिवाशाची तक्रार याच आकड्याच्या आधारे मान्य होते वा फेटाळली जाते. म्हणून आकडा काय सांगतो याआधी तो कसा तयार झाला, हे पाहणे अगत्याचे ठरते.

नमुन्याचा प्रवास

महाराष्ट्राने जलप्रदूषण प्रतिबंधाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला आणि १९७० मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्यानंतर १९७४ मध्ये पाण्यासंबंधीचा आणि १९८१ मध्ये हवेसंबंधीचा केंद्रीय अधिनियम आला. या कायद्यांच्या कर्त्यांना नमुन्याच्या विश्वासार्हतेची पुरेपूर जाणीव होती, हे १९७४ च्या अधिनियमातील कलम २१ वाचले म्हणजे ध्यानात येते. सांडपाण्याचा नमुना विश्लेषणासाठी घ्यावयाचा असल्यास अधिकाऱ्याने भोगवटादाराला तशी नोटीस द्यावी, त्याच्या समक्ष नमुन्याचे दोन भाग करावे, दोन्ही भांडी मोहोरबंद करून त्यांवर उभयतांनी सही करावी, असे हे कलम सांगते. एक भांडे मंडळाच्या प्रयोगशाळेकडे जाते. भोगवटादाराने विनंती केल्यास दुसरे वेगळ्या प्रयोगशाळेकडे पाठविले जाते. ही रीत पाळली नसेल तर विश्लेषणाचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही.

पण मोहोर शाबूत राहिली तरी आकडा बिघडू शकतो. सांडपाण्यातील सेंद्रिय घाण जिरविताना जीवाणू किती प्राणवायू वापरतात, यावरून त्या पाण्याचे दूषितपण ठरते. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअस तपमानात ३ दिवस चालते. नमुना बर्फात न ठेवता दिवसभर जीपगाडीत फिरला, तर ही क्रिया बाटलीतच सुरू होते आणि प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत त्यातील घाण काही अंशी आधीच खर्ची पडते. परिणामी पाणी होते त्यापेक्षा स्वच्छ भासते. येथे कोणी लबाडी केलेली नसते. केवळ दिरंगाई झालेली असते.

धुराड्याची चाचणी याहून कष्टाची आहे. चाचणी घेणाऱ्याला उपकरणांसह धुराड्यावरील माचीवर चढावे लागते. तेथील छिद्रातून नळी आत घालून, धूर ज्या वेगाने वर जात असेल त्याच वेगाने तो नळीत ओढावा लागतो. वेग चुकला की कणांचे प्रमाणही चुकते. गाळणीचे वजन आधी आणि नंतर करून, वाढलेल्या वजनावरून दर घनमीटर धुरात किती मिलिग्रॅम कण आहेत, हे काढतात. चाचणीच्या दिवशी बाष्पक निम्म्या भाराने चालविला असेल, तर येणारा आकडा त्या दिवसापुरता अगदी खरा असतो. वर्षातील इतर दिवसांचे मात्र त्यावरून काहीच कळत नाही.

गुजरातचा अनुभव

कारखाने हजारोंच्या संख्येने आणि अधिकारी मोजके, अशी परिस्थिती असल्याने हे काम बाहेरच्या तज्ज्ञांकडे सोपविण्याचा विचार स्वाभाविकपणे पुढे येतो. गुजरातमध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये पर्यावरण लेखापरीक्षणाची योजना सुरू झाली. अधिक प्रदूषण करू शकणाऱ्या कारखान्यांनी मान्यताप्राप्त लेखापरीक्षकाकडून दरवर्षी तपासणी करून घ्यावी आणि अहवाल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर करावा, अशी ती व्यवस्था होती. तिच्यात एक उणीव राहून गेली. लेखापरीक्षक कोणता नेमावयाचा हे कारखानदारच ठरवीत असे आणि त्याची फीही तोच देत असे. परीक्षकांच्या आपसातील स्पर्धेमुळे ही फी इतकी उतरली की, मोजमाप नीट करावयाचे तर त्याचा खर्चही तीतून निघणे कठीण झाले. ज्याचे मीठ खावे त्याच्याच विरुद्ध अहवाल लिहावा, अशी अपेक्षा ही योजना करीत होती.

एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरातच्या मंडळाच्या सहकार्याने या व्यवस्थेची दोन वर्षे परीक्षा घेतली. त्यासाठी अहमदाबाद व सुरत भागांतील ४७३ कारखाने निवडण्यात आले. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडले. एका गटात जुनीच पद्धत चालू ठेवली. दुसऱ्या गटात कारखान्याकडून परीक्षक निवडण्याचा अधिकार काढून घेतला व परीक्षकाची नेमणूकही चिठ्ठीनेच केली. फी ठराविक ठेवून ती एका सामाईक निधीतून दिली. परीक्षकाने नोंदविलेल्या काही आकड्यांची स्वतंत्र अभियंत्यांकडून फेरतपासणी करविली. आणि दुसऱ्या वर्षी परीक्षकाच्या मोबदल्याचा काही भाग त्याच्या अचूकपणाशी जोडला.

निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. धुरातील कणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती. जुन्या पद्धतीच्या अहवालांतील आकड्यांची विलक्षण दाटी नेमकी या मर्यादेच्या किंचित खाली झालेली आढळली. धुराडी काही कायद्याची मर्यादा पाहून धूर सोडीत नाहीत. तेव्हा ही दाटी लेखणीची करामत होती, हे उघड आहे. या अहवालांनुसार अवघे ७ टक्के कारखाने मर्यादा ओलांडीत होते. फेरतपासणीत हे प्रमाण ५९ टक्के निघाले. नव्या पद्धतीच्या गटात, मर्यादा ओलांडणाऱ्या कारखान्याला निर्दोष ठरविण्याचे प्रकार ८० टक्क्यांनी घटले. एवढेच नव्हे, तर या गटातील कारखान्यांनी आपले प्रदूषणही प्रत्यक्षात कमी केले. परीक्षकांच्या यादीतील माणसे बदलली नव्हती. बदलली होती ती त्यांना नेमण्याची आणि मोबदला देण्याची रीत. गुजरातच्या मंडळाने २०१५ मध्ये परीक्षकांची नेमणूक चिठ्ठी पद्धतीने करण्याचा नियम केला.

त्याच प्रदेशातील दुसऱ्या एका प्रयोगाचा निष्कर्षही मननीय आहे. काही कारखान्यांच्या तपासण्यांची संख्या जवळजवळ दुप्पट करण्यात आली. तरी त्यामुळे सरासरी प्रदूषण फारसे घटले नाही. कोठे जावयाचे हे अधिकारी स्वतःच्या विवेकाने ठरवीत, तेव्हा ते बहुधा अतिप्रदूषक कारखान्यांकडेच जात. वाढविलेल्या भेटी मात्र सरसकट झाल्या. वार्षिक अहवालात तपासण्यांचा आकडा वाढलेला दिसला म्हणून हवा सुधारली, असे धरून चालणे म्हणूनच धोक्याचे आहे.

यंत्राची साक्ष

मानवी हात टाळावा या हेतूने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये अतिप्रदूषक म्हणून गणल्या जाणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना धुराडी आणि सांडपाण्याच्या वाटांवर अखंड नोंद घेणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. ही यंत्रे धुळीचे वजन करीत नाहीत. धुळीमुळे प्रकाश किती अडतो अथवा विखुरतो, यासारख्या खुणांवरून तिचा अंदाज बांधतात. हा अंदाज बरोबर राहण्यासाठी त्याचा मेळ वेळोवेळी माचीवरच्या त्या जुन्या गाळणीशी घालावा लागतो. म्हणजे यंत्र आले तरी तो माणूस धुराड्यावर चढायचा राहत नाही. सुरत येथे २०१९ पासून कणरूप प्रदूषणाच्या परवान्यांची देवघेव सुरू झाली, तीही अशाच यंत्रांच्या नोंदींवर. आकड्याला पैशाचे मोल आले म्हणजे तो जपणेही भाग पडते.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने जून २०१७ मध्ये आकडे दडविण्याऐवजी लोकांपुढे मांडण्याचा मार्ग अवलंबिला. धुराड्यांच्या चाचण्यांवरून कारखान्यांना एक ते पाच तारे देण्याची आणि ते जाहीर करण्याची योजना त्या वर्षी सुरू झाली. पाच तारे म्हणजे उत्तम, एक तारा म्हणजे सर्वांत वाईट. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसालाही हे समजते, हा या योजनेचा मोठाच गुण. मात्र तारा ज्या चाचणीवरून ठरतो, ती चाचणी वर सांगितलेल्या सर्व अडचणींतून जाऊनच आलेली असते.

आपल्या शेजारच्या कारखान्याला कोणती मर्यादा घालून दिली आहे, हे जाणून घेण्याची सोय कायद्यातच आहे. राज्य मंडळाने संमतीच्या अटींची नोंदवही ठेवावी आणि संबंधित वा बाधित व्यक्तीस ती योग्य वेळी पाहू द्यावी, अशी तरतूद १९७४ च्या अधिनियमातील कलम २५ मध्ये आहे. हवेच्या अधिनियमातही कलम ५१ खाली अशी नोंदवही आहे. मंडळाकडील चाचणीचा अहवाल माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये मागता येतो. तो हाती आल्यावर नजर सहसा शेवटच्या रकान्यातील आकड्यावर जाते. नमुना कोणी व कोणत्या दिवशी घेतला, त्या वेळी कारखाना किती भाराने चालू होता, नमुना प्रयोगशाळेत केव्हा पोहोचला आणि चाचणीचे पैसे कोणी दिले, ही माहिती बहुधा अहवालाच्या वरच्या भागात असते. नसल्यास तीही स्वतंत्र अर्जाने मागता येते.