मागच्या ॲक्सलचे बुश : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा आणि पलीकडे अष्टमी अशी ही जोडवस्ती एकाच नगरपरिषदेखाली नांदते, आणि येथील मोटारीला मुंबई-गोवा महामार्ग गाठण्यासाठी कोलाड किंवा नागोठण्याकडे जावे लागते. त्या महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊनही वर्षानुवर्षे रेंगाळल्यामुळे, पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यांचा मार येथील गाड्यांना सोसावा लागला. हा मार शॉकअपप्रमाणेच मागच्या ॲक्सलच्या रबरी बुशांनाही बसतो. तरीही मागून खडखड ऐकू आली की दोष शॉकअपवरच टाकला जातो. वास्तविक, बुशापाशी टॉमी (लोखंडी दांडा) घालून ॲक्सल हलवून पाहिला आणि रबराला पडलेले तडे किंवा आतल्या नळीपासून सुटलेली कडा दिसली, तर नवे शॉकअप बसवूनही तो आवाज जात नाही.

बहुतेक लहान मोटारींत मागची दोन्ही चाके पीळ सहन करणाऱ्या एका आडव्या तुळईने, म्हणजे टॉर्शन बीमने, जोडलेली असतात, आणि तिच्या पुढे आलेल्या दोन भुजा बुशांच्या आधाराने गाडीच्या सांगाड्याला बसवलेल्या असतात. बाहेरचे धातूचे कडे, आतली नळी आणि या दोहोंना घट्ट चिकटवलेले रबर, अशी बुशाची रचना असते. बुश बेअरिंगसारखा फिरतो, ही समजूत जवळजवळ सर्व चुकांच्या मुळाशी आहे; प्रत्यक्षात बोल्ट आवळल्यावर नळी जागची हलत नाही, आणि चाक वरखाली होताना केवळ रबर पिळले जाते. म्हणूनच बैलगाडीच्या आसाला घालावे तसे वंगण येथे उपयोगाचे नाही. गंज टाळण्यासाठी पावसाळ्यापूर्वी गाडीखाली ऑइल मारण्याच्या प्रथेत तेच ऑइल बुशांवर पडले, तर नैसर्गिक रबर फुगते आणि मऊ पडते.

बुश फिरतो याच समजुतीतून सर्वांत महागात पडणारी चूक होते. गाडी उचललेली आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची विसाव्याची स्थिती त्या लोंबत्या अवस्थेतच पक्की होते, आणि गाडी खाली घेतल्यावर ते कायम पिळलेले राहून नवा बुशही लवकर फाटतो. म्हणून बोल्ट आधी सैलसर लावावा, चाकांवर गाडीचा भार आणावा आणि मगच उत्पादकाने दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळावा.

बुश कसाही बसवला तरी चालतो, हेही खरे नाही. अनेक बुशांच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात. पोकळीच्या दिशेने बुश मऊ आणि आडव्या दिशेने कडक राहावा, हा त्यामागचा हेतू असल्यामुळे जुना काढण्यापूर्वीच त्याची दिशा भुजेवर खुणेने नोंदवावी लागते. तो हातोडीने ठोकून बसवणे चुकीचे आहे, कारण दाब केवळ बाहेरच्या कड्यावर यायला हवा. लांब बोल्ट, जाड वॉशर आणि योग्य मापाची नळी यांनी तो हळूहळू ओढून घेता येतो. ते न जमल्यास प्रेस असलेल्या गॅरेजात जाणे शहाणपणाचे.

घरी हे काम होऊच शकत नाही, हा समज अतिरेकी आहे. मात्र जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. कोकणातील ओल्या अंगणात जॅक रुततो, शिवाय हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असल्याने मागची बाजू उचलल्यावर तो गाडी धरून ठेवत नाही. त्यामुळे जागा टणक आणि सपाट हवी, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावलेले हवेत आणि सांगाडा मजबूत स्टँडवर टेकलेला हवा. ॲक्सल खाली सोडताना ब्रेकच्या रबरी नळ्या आणि हँडब्रेकच्या तारा ताणल्या जात नाहीत ना, हे दर वेळी डोळ्यांनी पाहावे.