चुकून मिळालेला पगार

वडूज येथें पेन्शनीवर राहणाऱ्या एखाद्या सरकारी शिपायास जुन्या कचेरीचा कागद येतो : वेतन चुकून अधिक दिलें गेलें, फरक परत भरा. 1872 च्या करार कायद्याचें कलम 72 पाहतां मागणी सरळ दिसते. चुकीनें आलेला पैसा परत द्यावयाचा. पण तो पगार केव्हांच संसारांत जिरला! म्हणूनच 18 डिसेंबर 2014 रोजीं, रफीक मसीह खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानें तृतीय-चतुर्थ श्रेणीच्या नोकरांकडून व निवृत्तांकडून अशी वसुली करूं नये असें ठरविलें. लबाडीनें मिळविलेला पैसा अर्थातच निराळा. मात्र ‘जादा आल्यास परत करीन’ असें हमीपत्र (सही करतांना तें वाचतो कोण?) दिलें असल्यास केवळ निवृत्तीची ढाल पुरत नाहीं, 2016 सालीं जगदेव सिंग या निवृत्त न्यायाधीशाकडून रक्कम दोन वर्षांच्या हप्त्यांनीं घेण्याचा हुकूम झाला.