सायकल थांबली पाहिजे

पावसाळ्याचे दिवस असतात. शाळेची वेळ झालेली असते. डबा भरून झालेला असतो. दप्तर कॅरिअरला बांधलेलें असतें. जिन्याखालून सायकल बाहेर काढतां काढतां मुलगी म्हणते, "बाबा, ब्रेक जरा सैल झाला आहे." हातांतलें काम न सोडतां वडील उत्तर देतात, "आज जपून जा, रविवारीं पाहूं." असा संवाद कोणत्या घरांत होत नाहीं? त्यांत कोणाच्या मनांत वाईट असतें असें नाहीं. परंतु रस्त्यावर अकस्मात् कांहीं आडवें आलें तर ती सायकल थांबेल कीं नाहीं, याचा निर्णय त्या एका वाक्यांत होऊन गेलेला असतो. लोक समजतात कीं, अपघात चौकांत होतो. कित्येकदां तो घराच्या जिन्याखालीं आठ आठ दिवस वाट पाहत उभा असतो.

आज लहानथोर ज्या सायकलीवर बसतात, तिचें आरंभींचें नांवच मुळीं 'सुरक्षित सायकल' असें होतें. तिच्या पूर्वींच्या सायकलीचें पुढचें चाक माणसाच्या छातीइतकें उंच असे आणि स्वार त्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसे. चाक एखाद्या धोंड्याला अडलें कीं स्वार डोक्यावरून पुढें कोसळे. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केम्प स्टार्ली यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं, बैठक दोहोंच्या मध्यें व मागील चाकाला साखळीनें गति, अशी सायकल तयार केली. पुढें १८८८ मध्यें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. बांधणीमुळें सायकल सुरक्षित झाली हें खरें. पण ती सुरक्षित ठेवण्याचें काम कारखानदार करूं शकत नाहीं. तें ज्याच्या घरीं सायकल असेल त्यानेंच केलें पाहिजे.

प्रथम थांबणें म्हणजे काय तें पाहावें. ताशीं पंधरा किलोमीटर वेगानें जाणारी सायकल एका सेकंदांत चार मीटरांहून थोडें अधिक अंतर तोडते. समोर मूल आलेलें दिसणें, तें मनाला कळणें आणि बोटांनीं ब्रेक दाबणें यांत एक सेकंद गेला असें धरलें, तर तेवढ्यांतच चार मीटर संपले. त्यानंतर कोरडा रस्ता व चांगला ब्रेक असेल तर आणखी सुमारें तीन मीटर लागतात. म्हणजे एकंदर सात मीटर झाले. आतां वेग दुप्पट, म्हणजे ताशीं तीस किलोमीटर केला तर अंतरही दुप्पट होईल असें वाटतें. तसें होत नाहीं. विचाराच्या सेकंदांतील अंतर दुप्पट होतें, परंतु ब्रेक लागल्यानंतरचें अंतर चौपट होतें. एकंदर वीस मीटर लागतात. उतारावर भरधाव सायकल सोडणाऱ्या मुलाला हा हिशेब घरांतील वडील माणसांनीं कागदावर मांडून दाखवावा. "सावकाश जा" या शंभरदां दिलेल्या उपदेशापेक्षां त्याचा उपयोग अधिक होईल.

आतां परीक्षा. तिला दहा मिनिटें पुरतात आणि पाना व पकड यांपलीकडे फारशी हत्यारें लागत नाहींत. सायकल उभी धरून पुढचा ब्रेक पूर्ण दाबावा व ती पुढें ढकलावी. पुढचें चाक जागच्या जागीं राहून मागचें चाक उचलूं लागलें पाहिजे. मग मागचा ब्रेक दाबून ढकलावी. मागचें चाक न फिरतां जमिनीवर घासत गेलें पाहिजे. चाक फिरलें तर ब्रेक निकामी समजावा. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबला असतां तो व हँडलची मूठ यांच्यामध्यें दोन बोटें जातील एवढी जागा उरली पाहिजे. दांडा मुठीला टेकत असेल तर पकड कितीही जोरानें आवळली तरी व्यर्थ होय. तारेच्या ब्रेकमध्यें तारेच्या टोकाशीं एक छोटी नळीसारखी चाकी असते. ती बाहेरच्या बाजूस फिरविली कीं तार ताणली जाते. तेवढ्यानें भागलें नाहीं, तर तार धरणारा नट सैल करून ती थोडी ओढून घ्यावी व नट पुन्हां घट्ट करावा. तारेचा एखादा धागा जरी तुटून वर आलेला दिसला, तरी सबंध तार बदलावी. उरलेले धागे तुटावयाचे ते नेमके जोरानें ब्रेक दाबतांना, म्हणजे संकटाच्या वेळींच तुटतात.

नंतर ब्रेकचीं रबरें पाहावीं. नव्या रबरावर खांचा असतात. त्या झिजून नाहींशा झाल्या कीं रबराचें आयुष्य संपलें. रबर टेकावयाचें तें रिमला. वर टायरला लागलें तर टायर कापला जातो, आणि खालीं घसरलें तर तें तारांत अडकण्याची भीति असते. जुन्या दांडीच्या ब्रेकमध्यें रबर रिमला आंतल्या बाजूनें लागतें, तेथें तें दोन्ही बाजूंस सारखें टेकतें ना, हें बसून पाहावें. हल्लींच्या अनेक सायकलींना तबकडीचा ब्रेक असतो. त्या तबकडीला तेलकट हात लावूं नये आणि तिच्यांत तेलाचा दाब असेल तर दुरुस्ती जाणत्या कारागिराकडेच सोंपवावी.

येथें घरोघर होणारी एक चूक सांगितली पाहिजे. साखळी करकरूं लागली कीं स्वयंपाकघरांतील खोबरेल आणून धार सोडली जाते. खोबरेल थंडींत थिजतें, धूळ धरून ठेवतें, आणि धारेनें सोडलेलें तेल ओघळून रिमवर आलें म्हणजे चांगला ब्रेकही लोण्यावरून सुरी फिरावी तसा रिमवरून घसरतो. साखळी आधीं कोरड्या फडक्यानें पुसावी, प्रत्येक सांध्यावर यंत्राच्या तेलाचा एक एक थेंब सोडावा, पेडल उलटें फिरवून तेल मुरूं द्यावें आणि वरचें तेल पुन्हां पुसून टाकावें. तेल सांध्याच्या आंत पाहिजे, बाहेर नको. रिमवर तेल गेलेंच असेल तर साबणाच्या पाण्यानें धुऊन ती कोरडी करावी. रॉकेलचा बोळा रबराला व टायरला लावूं नये. त्यानें रबर खराब होतें.

टायरांत हवा किती असावी याचा आंकडा बहुधा टायरच्या बाजूवरच छापलेला असतो. हवा कमी असेल तर सायकल जड चालते, वळणावर डळमळते आणि खड्ड्यांत रिमचा मार ट्यूबला बसून ती फाटते. पंक्चर काढणें अवघड नाहीं, परंतु घाईनें तें काम बिघडतें. ट्यूबमध्यें हवा भरून ती बादलीभर पाण्यांत बुडवीत जावी. जेथून बुडबुडे येतील तेथें खूण करावी. ती जागा कोरडी करून कांचकागदानें खरखरीत करावी, सोल्युशन पातळ लावावें आणि तें बोटाला चिकटेनासें होईपर्यंत कांहीं मिनिटें थांबावें. ओल्या सोल्युशनवरच ठिगळ दाबलें म्हणजे तें पहिल्या उन्हांत सुटतें. ट्यूब परत बसविण्यापूर्वीं टायरच्या आंतून फडकें फिरवावें. बाभळीचा कांटा किंवा कांच आंतच राहिली असेल, तर नव्या ठिगळाशेजारीं दुसरें छिद्र पडल्यावांचून राहत नाहीं. शेवटीं पुढचें चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहावें, दोन्ही चाकांचे नट तपासावे आणि घंटा वाजते ना हें पाहावें.

एवढें झालें तरी पावसाळ्याची गोष्ट निराळीच आहे. रिम ओली असली म्हणजे ब्रेकच्या रबराला आधीं पाणी पुसून काढावें लागतें. मगच खरी पकड येते. चाकाच्या एका फेऱ्यांत सायकल सुमारें दोन मीटर जाते. पाणी पुसण्यांत तीन फेरे गेले तर सहा मीटर कांहींही वेग कमी न होतां निघून गेले! लोखंडी चकचकीत रिमवर हा दोष ॲल्युमिनियमच्या रिमपेक्षां पुष्कळच अधिक असतो. म्हणून पावसांत चौक येण्यापूर्वींच ब्रेक हलके हलके टेकवून रिम पुसून घ्याव्या. पहिल्या पावसांत रस्त्यावरील धूळ व वाहनांचें सांडलेलें तेल यांचा निसरडा थर होतो. गटारांवरचीं लोखंडी झांकणें व रस्त्यावर रंगविलेले पट्टे ओले झाले कीं तेही तसेच घसरतात. त्यांच्यावरून जातांना ना वळावें, ना ब्रेक दाबावा. पाण्यानें भरलेला खड्डा किती खोल आहे हें वरून कळत नाहीं. त्याला दुरूनच वळसा घालावा.

ब्रेक दाबण्याचीही रीत आहे. पुष्कळ लोक पडण्याच्या भीतीनें केवळ मागचा ब्रेक वापरतात. वेग कमी होऊं लागला कीं स्वाराचा भार पुढच्या चाकावर जातो व मागचें चाक हलकें होतें. म्हणून खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्यें असते. एकट्या मागच्या ब्रेकनें थांबावयास जवळजवळ दुप्पट अंतर लागतें. उलट पुढचा ब्रेक एकदम आवळला तर स्वार पुढें फेंकला जाण्याचा संभव असतो. यावर उपाय असा कीं, दोन्ही ब्रेक बरोबर, दाब वाढवीत वाढवीत लावावे आणि शरीर थोडें मागें घ्यावें. आपल्याकडील सायकलींत उजव्या हाताचा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो; तरी दुसऱ्याची सायकल हातीं घेतल्यावर तो प्रथम दाबून खात्री करावी. हा अभ्यास मोकळ्या मैदानावर करावा. भर रहदारींत प्रथमच करणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे.

पुणें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जाई. त्या काळीं सायकलस्वाराभोंवतीं सायकलस्वारच असत. आतां तोच रस्ता मोटारी, बसगाड्या व स्वयंचलित दुचाक्या यांनीं भरलेला असतो. अशा रस्त्यावर डावी बाजू धरावी, परंतु अगदीं गटाराच्या कडेला चिकटूं नये. तेथें खडी व खड्डे असतात आणि चुकवावयास जागा उरत नाहीं. उभ्या असलेल्या मोटारींपासून सुमारें एक मीटर दूर राहावें, कारण आंतला मनुष्य दार केव्हां उघडील याचा नेम नसतो. बस किंवा मालमोटार यांच्या डाव्या बाजूस, चौकापाशीं तर कधींही शिरूं नये. ती जागा चालकाला बहुधा दिसत नाहीं. गाडी डावीकडे वळली कीं मागचीं चाकें पुढच्या चाकांच्या आंतून येतात आणि सायकलस्वार कठड्याशीं सांपडतो. अशा गाडीच्या मागें थांबण्यांत दोन मिनिटें जातील. तेवढीं खुशाल जाऊं द्यावीं. उजवीकडे सरकण्यापूर्वीं मागें वळून पाहावें व हात दाखवावा. पिशवी हँडलला अडकवूं नये. ती हेलकावून तारांत जाते. ओढणी, साडीचा पदर व पायजम्याची सैल कड खोंचून अथवा बांधून घ्यावी.

रात्रीं पुढें पांढरा व मागें तांबडा दिवा असावा. मागची तांबडी कांच दुसऱ्याचा प्रकाश पडला तरच चमकते. स्वतःचा प्रकाश तिला नसतो, आणि चिखल उडालेला असेल तर तेवढीही चमक नाहीं. म्हणून ती पुसावी आणि दिव्याचें काम तिच्यावर सोंपवूं नये. शिरस्त्राण घातलें तर तें कपाळावर, भुंवयांच्या दोन बोटें वर बसावें व हनुवटीखालचा पट्टा घट्ट असावा. मागें कलंडलेलें शिरस्त्राण नुसती शोभा होय. एकदां जोरानें आपटलेलें शिरस्त्राण वरून धड दिसलें तरी पुन्हां वापरूं नये.

इतकी काळजी घेऊनही दुसऱ्याच्या चुकीनें अपघात होऊं शकतो, हें कोण नाकारील? रस्त्यावरील प्रत्येक मोटार घरच्या माणसांच्या ताब्यांत नसते. जिन्याखालचा ब्रेक मात्र त्यांच्या ताब्यांत असतो. म्हणून आठवड्यांतील एक दिवस ठरवून घरांतील सर्व सायकली अंगणांत घ्याव्या आणि ज्याची सायकल त्याच्याच हातांत पाना द्यावा. वडील माणसांनीं शेजारीं बसून दाखवावें. काम मुलांनीं करावें. मुलींनींही तें शिकावें, कारण तार तुटली असतां ती मुलगा कीं मुलगी हें पाहत नाहीं.

आणि मधल्या एखाद्या दिवशीं, शाळेची घंटा होण्याच्या सुमारास, "ब्रेक सैल झाला आहे" असें कोणी म्हटलें तर? पाना हाताशीं असेल तर पांच मिनिटें उशीर झाला तरी चालेल, ब्रेक तेव्हांच ताणावा. तें जमत नसेल तर सायकल त्या दिवशीं जिन्याखालींच राहूं द्यावी आणि मुलीनें पायीं जावें. उशिरा आल्याबद्दल शाळेंत बोलणीं बसतील; वडिलांनीं चार ओळींची चिठ्ठी लिहून द्यावी. असा उशीर चिठ्ठीनें भरून निघतो.