जंतूंना औषधाची ‘सवय’ होते का?

‘जंतूंना आता या औषधाची सवय झाली,’ असं आपण सहज बोलून जातो. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे हे वाक्य माझ्या कानावर वारंवार पडतं. पण जिवाणूंना सवय होत नाही. होतं ते वेगळंच.

आपल्या आतड्यात ई. कोलाय नावाचा जिवाणू राहतो. त्याच्या डीएनएचा मजकूर सुमारे ४६ लाख अक्षरांचा. एकाचे दोन होण्याआधी त्याला या सगळ्या मजकुराची नक्कल करावी लागते. नक्कल करणारं विकर साधारण लाखभर अक्षरांमागे एक चूक करतं. यातल्या बहुतेक चुका ते स्वतःच तिथल्या तिथे खोडतं. त्यातूनही निसटलेल्या चुका दुसरी प्रथिनं हुडकतात. नव्या धाग्यातला चुकीचा तुकडा कापून काढला जातो आणि तिथं योग्य अक्षरं भरली जातात. या दुरुस्तीचा उलगडा केल्याबद्दल पॉल मॉड्रिच यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एवढ्या तपासणीनंतर अब्जभर अक्षरांमागे जेमतेम एखादी चूक उरते. तेच उत्परिवर्तन.

आता प्रश्न असा, की औषधापासून वाचवणारी चूक औषधामुळे होते, की आधीच झालेली असते? साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्रुक यांनी १९४३ मध्ये याचा छडा लावला. त्यांनी औषधाऐवजी जिवाणूंना मारणारा विषाणू वापरला. अनेक नळ्यांत जिवाणू वेगवेगळे वाढवले आणि मग त्यांची विषाणूशी गाठ घालून दिली. विषाणूमुळे बदल घडत असता, तर प्रत्येक नळीतले साधारण सारखेच जिवाणू वाचले असते. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही, तर एखाद्या नळीत शेकड्यांनी वाचले. जिथं चूक लवकर झाली होती, तिथं तिची प्रजा वाढली होती. बदल आधीचाच, विषाणूनं फक्त निवड केली.

क्षयरोगात हेच गणित जिवावर बेततं. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जिवाणू असू शकतात. त्यांत एखाद्या औषधाला दाद न देणारे मूठभर आधीपासूनच असतात. तेवढं एकच औषध दिलं, तर बाकीचे मरतात आणि या मूठभरांना रान मोकळं मिळतं. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत हेच दिसलं. आधी सुधारलेल्या अनेक रुग्णांमध्ये पुढे औषधाला न जुमानणारे जंतू सापडले. दोन-तीन औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जिवाणू मात्र फारच विरळा. म्हणूनच नेहमीच्या क्षयरोगात पहिले दोन महिने चार औषधं एकत्र देतात आणि पुढे चार महिने उपचार चालू ठेवतात.

दोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते, माणूस कामावर जाऊ लागतो. गोळ्या सुटतात त्या नेमक्या इथेच. पण दबून राहिलेले जिवाणू पुन्हा वाढू लागतात, आणि प्रत्येक नकलेबरोबर नव्या चुकीला वाव मिळतो. अर्धवट उपचारांतून तगून राहिलेले हे जंतू मग खोकल्यातून घरातल्या लेकराबाळांपर्यंत पोचतात. त्यांच्यावर तर पहिल्या दिवसापासूनच नेहमीची औषधं चालत नाहीत. म्हणून बरं वाटलं तरी डॉक्टर सांगेपर्यंत एकही गोळी चुकवू नका.