घरची बोलणी कोणाच्या गोदामात?

सुताचा भाव, ग्रे कापडाचा नमुना, मुलीच्या सोयरिकीची बोलणी आणि अम्मीच्या साखरेचा रिपोर्ट, हे सारे आज आपल्या व्यापारी बंधूंच्या एकाच मोबाइलमध्ये व बहुधा एकाच अ‍ॅपमध्ये पडलेले असते. पेढीचा गल्ला वेगळा आणि घरखर्च वेगळा ठेवणारी माणसे निरोपांच्या बाबतीत मात्र बेफिकीर आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा दुबईचा भाऊ, सुरतेचा आडत्या आणि घरची मंडळी एकदमच अबोल झाली. गोदाम एकाचे आणि चावीही त्याचीच, म्हणून असे झाले.

येथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत. पहिली कुलपाची. मधल्या वाटेवर मजकूर कोणालाही वाचता येऊ नये अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०१६ मध्ये सर्वांसाठी केली. म्हणजे पार्सलचे सील पक्के. परंतु कोणी कोणाला, केव्हा, किती पार्सले पाठविली ही बिल्टीची वही कंपनीकडेच राहते. ग्राहकांची माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याची अट २०२१ मध्ये लादली म्हणून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. प्रकरण पुढे अपिलात गेले. टेलिग्राम फार गुप्त, असा आपल्या बाजारात समज आहे. तो चुकीचा आहे. त्यातील नेहमीच्या गप्पांना असे कुलूप नसते, ग्रुपला तर नाहीच. सिग्नल मात्र नफा न कमावणाऱ्या संस्थेचे आहे, कुलूप उत्तम, वहीत नोंदी अगदी थोड्या. ज्याला केवळ गुप्तता हवी त्याने सिग्नल घ्यावे आणि हा लेख येथेच सोडावा.

दुसरी गोष्ट गोदामाची. सिग्नलचेही गोदाम एकच आहे आणि खाते उघडण्यास मोबाइल नंबर लागतो. ईमेलचे तसे नाही. रेडिफवाला जीमेलवाल्याला पत्र लिहू शकतो, एक दुकान बंद पडले तर दुसऱ्याकडे जाता येते. याच रीतीने चालणारी निरोपांची अ‍ॅपेही आहेत. १९९९ पासूनच्या जॅबर पद्धतीवरचे कॉन्व्हर्सेशन्स हे त्यातले जुने. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रिक्सवर एलिमेंट चालते. फ्रान्स सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी त्याच मेट्रिक्सवर चॅप नावाचे अ‍ॅप बांधून घेतले. आपल्याकडे मात्र मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने जम्मू-काश्मीरमधील दहशतवादाचे कारण देऊन १४ अ‍ॅप्स रोखण्याचा आदेश काढला, त्यात एलिमेंट आणि ब्रायर ही दोन्ही होती. वस्तू चांगली असेल, पण घरच्या गप्पांसाठी असे अ‍ॅप मोबाइलमध्ये ठेवून उद्या कोणी विचारले तर खुलासे करीत बसण्याची फुरसत आपल्यापैकी कोणाला आहे?

आमच्या घरात शेवटी डेल्टा चॅट घेतले. ते ईमेलच्याच यंत्रणेवर चालते, मोबाइल नंबर मागत नाही. नाव टाकायचे आणि समोरच्याच्या मोबाइलवरील चौकोनी कोड आपल्या मोबाइलने टिपायचा, की ओळख झाली. अम्मींना मराठी-उर्दू टाइप करण्याची सवय नाही, त्या बटण दाबून बोलतात. भाईजान दुबईला, तिथे व्हॉट्सअ‍ॅपच्या कॉललाही आडकाठी असते, म्हणून आमचा सारा कारभार आवाजी निरोपांचाच आहे. कॉलसाठी मी डेल्टा चॅटवर विसंबत नाही. निरोप कधी उशिरा वाजतो, विशेषतः बॅटरी वाचविणाऱ्या मोबाइलवर. आणि सुरतेच्या पार्टीला 'हे घ्या' म्हणण्यात अर्थ नाही, ती येणार नाही. धंदा व्हॉट्सअ‍ॅपवरच आहे.

आता माझा गाढवपणा सांगतो. नंबर नाही म्हणजे नंबरावरून खाते परत मिळणेही नाही, हे मला वाचून माहीत होते. तरी गेल्या हिवाळ्यात जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये देताना बॅकअप घेतला नाही. दुकानदाराने समोरच सगळे पुसले. नव्या मोबाइलवर मी सर्वांना अनोळखी झालो, पुन्हा घरोघर कोड टिपत फिरलो. ते चालले असते. पण खालाजान दोन महिन्यांपूर्वी गेल्या होत्या, त्यांचा मोबाइल नातवाने साफ करून वापरायला घेतला होता. त्यांचे निरोप फक्त माझ्याकडे होते. लग्नात देण्याघेण्याच्या साड्यांबद्दल त्या मला पाच पाच मिनिटे रागावत, ते सगळे गेले. कोणत्याही कंपनीकडे अर्ज करण्याची सोय नाही.

तेव्हापासून तेच खाते दुकानातील कॉम्प्युटरवरही जोडून ठेवले आहे. दर महिन्याला जीएसटीचे कागद लावतो त्या दिवशी बॅकअपची फाइल पेनड्राइव्हवर उतरवितो. ज्याच्या हाती लागेल तो सारे वाचू शकेल असे धरून ती पेनड्राइव्ह तिजोरीत, दुकानाच्या खरेदीखताशेजारी ठेवली आहे. अम्मींच्या मोबाइलचा बॅकअपही त्यातच असतो.